रेग्युलेटर उघडणार कोण?

स्वयंपाकघरातल्या सिलिंडरवर खटकन बसणारा रेग्युलेटर आपण रोज हाताळतो, पण त्याच्याकडे फारसं लक्ष जात नाही. सिलिंडरमधला दाब शेगडीला झेपेल इतका उतरवायचा आणि सिलिंडर भरलेला असो की संपत आलेला, ज्योत सारखी ठेवायची, एवढं त्याचं काम. स्कूबा डायव्हिंगचा रेग्युलेटर याच घराण्यातला आहे, आणि हे नुसतं उपमेपुरतं म्हणत नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेनासं झालं, तेव्हा मोटारी गॅसवर चालवण्यासाठी एमिल गान्यां या अभियंत्याने एक झडप तयार केली होती. नौदलातला अधिकारी जाक-इव्ह कूस्तो त्याच्याकडे आला तो वेगळीच गरज घेऊन: पाण्याखाली श्वास घेताच हवा यावी आणि श्वास थांबताच ती थांबावी. गान्यांने ती झडप त्यासाठी बदलली आणि १९४३ मध्ये मार्न नदीत तिची चाचणी झाली. आडवं पोहताना सगळं ठीक चाललं. पण कूस्तो उभा राहिला की हवा भसाभसा वाया जाई आणि डोकं खाली केलं की श्वास ओढूनही येईना. कारण सापडलं ते फार साधं होतं. हवा बाहेर सोडणारी झडप आणि हवा देणारा पडदा यांच्यात वीतभर अंतर होतं आणि तेवढ्या पाण्याचा दाब यंत्राला गोंधळात टाकत होता. दोन्ही शेजारी-शेजारी बसवले आणि काम झालं. वीतभर पाण्याने बिघडणारं आणि तेवढ्यानेच सुधारणारं हे यंत्र आहे, हे ध्यानात ठेवलं की रेग्युलेटरच्या निवडीकडे आणि निगेकडे बघायची नजर बदलते.

दाबाचे आकडे समोर ठेवले की हा नाजूकपणा कळतो. भरलेल्या सिलिंडरमध्ये हवा साधारण २०० बार दाबाने कोंबलेली असते, म्हणजे मोटारीच्या टायरच्या जवळजवळ शंभरपट. सिलिंडरच्या तोंडावर बसणारा पहिला टप्पा हा दाब आजूबाजूच्या पाण्याच्या दाबापेक्षा नऊ-दहा बार जास्त, इतका खाली आणतो. तिथून रबरी नळीतून हवा तोंडातल्या दुसऱ्या टप्प्यात येते. दुसऱ्या टप्प्याची डबी उघडून पाहिली तर आत फार काही नसतं. तळहाताएवढा सिलिकॉनचा पडदा, त्याला टेकलेली एक बारीक दांडी आणि दांडीच्या दुसऱ्या टोकाला एका धारदार कडेच्या छिद्रावर स्प्रिंगने दाबून बसवलेलं मऊ रबराचं बूच. श्वास ओढला की डबीतला दाब किंचित घटतो, बाहेरचं पाणी पडद्याला आत ढकलतं, पडदा दांडी दाबतो, बूच केसभर उचललं जातं आणि हवा येते. श्वास सोडला की पडदा मागे, बूच जागेवर. हे घडवायला लागणारा दाब जेमतेम तीन सेंटिमीटर पाण्याचा. एका बाजूला २०० बार आणि दुसऱ्या बाजूला तीन सेंटिमीटर पाणी, म्हणजे साठ हजारांहून जास्त पटींचा फरक. तो सांभाळतात एक-दोन स्प्रिंगा, एक पडदा आणि नखाएवढं रबर. पाण्यात दर १० मीटरला एक बार दाब वाढतो आणि ३० मीटरवर प्रत्येक श्वासात किनाऱ्यावरच्या चौपट हवा लागते. तिथेही हा हिशेब चुकता कामा नये.

इतकं नाजूक यंत्र, तर ते सर्वांत महागडंच घ्यावं, असं पहिल्यांदा खरेदी करणाऱ्याला वाटणं साहजिक आहे. पण आजच्या घडीला नावाजलेल्या कारखान्यातून आलेला नवा रेग्युलेटर पाण्याखाली अचानक हवा बंद करील, अशी शक्यता फारच थोडी. त्याची रचनाच तशी नसते. दुसऱ्या टप्प्यातलं बूच हवेच्या प्रवाहाच्या दिशेनेच उघडतं. त्यामुळे पहिल्या टप्प्यात बिघाड होऊन नळीतला दाब वाढलाच, तर बूच उचललं जातं आणि हवा वाहू लागते. बिघडला तर उघडा राहतो, बंद पडत नाही. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कच्या संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हौशी डायव्हिंगमधले १९९२ ते २००३ या काळातले ९४७ मृत्यू तपासले होते. ज्या घटनांत संकटाची पहिली ठिणगी कोणती हे कळलं, त्यांत ४१ टक्क्यांत हवा अपुरी पडली होती. साधनसामग्रीची अडचण १५ टक्क्यांत होती, आणि त्यातही यंत्राचा दोष आणि वापरणाऱ्याची चूक हे दोन्ही आलं. मग उरलेल्या धोक्याचं मूळ कुठे आहे? माझ्या मते ते कारखान्यात कमी आहे. यंत्र दुकानातून बाहेर पडल्यानंतरच्या पाच-दहा वर्षांत, म्हणजे मिठात, उन्हात, वाळूत आणि नवशिक्या हातांत ते जास्त आहे. म्हणून रेग्युलेटर घेताना पहिला प्रश्न 'कुठला घेऊ?' हा नको. 'हा दरवर्षी उघडून, पाहून, पुन्हा बसवणार कोण?' हे आधी विचारावं. त्याचं उत्तर मिळालं की कुठला घ्यायचा हे बरंचसं आपोआप ठरतं.

याचा व्यवहारातला अर्थ असा. ज्या कंपनीच्या मॉडेलचं सर्व्हिस किट, म्हणजे ओ-रिंगा, बुचं, फिल्टर यांचा संच, आपल्याला सहज मिळतो आणि ज्याचं प्रशिक्षण घेतलेला तंत्रज्ञ कुरिअरच्या टप्प्यात आहे, ते मॉडेल. परदेशातून येताना स्वस्तात आणलेला किंवा ऑनलाइन सवलतीत मिळालेला रेग्युलेटर वस्तू म्हणून उत्तम असेलही, पण त्याची चार रुपयांची ओ-रिंग दोन महिने येत नसेल तर लोक काय करतात? तसाच वापरत राहतात. जुना घेतानाही हाच निकष लावावा. बाहेरून चकचकीत दिसण्यापेक्षा त्याचे सुटे भाग अजून तयार होतात का, हे महत्त्वाचं. सिलिंडरला जोडण्याच्या दोन पद्धती आहेत, कवटाळून बसणारा योक आणि आट्यांनी आत शिरणारा डिन. डिनची पकड जास्त भक्कम असते हे खरं, पण जिथे डाइव्ह करणार तिथल्या सिलिंडरला काय बसतं, हे केंद्राला विचारून घ्यावं. अडॅप्टर लावून डिनचा योक करता येतो.

पहिल्या टप्प्याच्या आतल्या रचनेवर मात्र जरा थांबायला हवं, कारण इथे आपलं पाणी मध्ये येतं. साध्या पिस्टनच्या रेग्युलेटरमध्ये हलणारा भाग जवळपास एकच असतो. तो टिकाऊ, दुरुस्तीला सोपा आणि स्वस्तही. सिलिंडर रिकामा होत आला की त्यातून श्वास किंचित जड होतो, एवढाच त्याचा उणेपणा. डायफ्रामच्या रचनेत आतली यंत्रणा पडद्यामागे असते आणि समुद्राचं पाणी तिला शिवत नाही. काही मॉडेलांत स्प्रिंगच्या कप्प्यावरही आणखी एक पडदा लावून तोही पूर्ण बंद केलेला असतो. विक्रेते ही सोय थंड पाण्यासाठी म्हणून सांगतात. दाब एकदम उतरला की हवा गार होते, आणि बर्फाळ तळ्यात त्या गारठ्याने पहिला टप्पा गोठू शकतो. मालवण, तारकर्ली, गोव्याचं ग्रांड बेट किंवा अंदमान या ठिकाणी पाणी उबदार. मग तिथे या सोयीचे पैसे का मोजायचे, असं कुणी विचारील. गोठण्याचा प्रश्न नसला तरी गाळाचा आहे. नद्या-खाड्यांच्या तोंडाशी असलेल्या कोकणच्या पाण्यात बारीक गाळ आणि वाळू तरंगत असते. उघड्या पिस्टनच्या कप्प्यात ती शिरते, तिथेच मीठ सुकतं आणि ओ-रिंगवर ते सहाणेसारखं घासत राहतं. रोज तीन-चार फेऱ्या मारणाऱ्या केंद्रासाठी म्हणूनच पूर्ण बंद डायफ्राम मला योग्य वाटतो. वर्षातून दहा-पंधरा डाइव्ह करणाऱ्या आणि प्रत्येक वेळी नीट धुणाऱ्या माणसाला साधा पिस्टन पुरेल.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. महागड्या रेग्युलेटरमधून श्वास हलका येतो, आणि पाण्याखाली श्वासाला पडणारे कष्ट ही काही चैनीची बाब नाही. कष्ट वाढले की शरीरात कार्बन डायऑक्साइड साचतो, धाप लागते, घबराट वाढते. हे सगळं मान्य. पण याची किमान रेषा मानकांनी आखून दिलेली आहे. युरोपच्या ईएन २५० या मानकानुसार रेग्युलेटरची चाचणी ५० मीटर खोलीच्या दाबाला, मिनिटाला ६२.५ लिटर इतक्या श्वासावर होते, आणि एका लिटरमागे तीन ज्यूलहून जास्त श्रम पडता कामा नयेत. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो. हौशी डायव्हरची मर्यादा ४० मीटरची. म्हणजे ही परीक्षा पास झालेल्या साध्या रेग्युलेटरकडेही आपल्या गरजेच्या वर बरीच शिल्लक असते. उलट ही शिल्लक निष्काळजीपणामुळे कशी झपाट्याने खर्च होते, ते पाहावं. फिल्टर तुंबला, दांडीची उंची हलली, बूच चेपलं की महागड्या रेग्युलेटरचाही श्वास जड होतो. निगा राखलेला मध्यम रेग्युलेटर तीन वर्षं न उघडलेल्या भारी रेग्युलेटरपेक्षा केव्हाही बरा.

दुसरा आक्षेप जुन्याजाणत्यांचा असतो: चालतंय ना, मग हात कशाला लावायचा? सर्व्हिस करून आणला आणि पहिल्याच डाइव्हला हवा झरायला लागली, असं घडतं. नवी बुचं बसायला वेळ घेतात, मापं किंचित चुकतात. या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणूनच सर्व्हिसनंतरची पहिली डाइव्ह उथळ पाण्यात करावी. पण 'चालतंय' म्हणण्यामागचं गृहीत असं की वापरलं तरच यंत्र झिजतं. कोकणचं वेळापत्रक हे गृहीत खोटं पाडतं. जूनमध्ये समुद्र खवळतो, डायव्हिंग बंद होतं, होड्या किनाऱ्यावर ओढून झाकल्या जातात आणि रेग्युलेटर कुठल्या तरी खोलीत खिळ्याला लटकतात. ते सप्टेंबरपर्यंत तसेच. या चार महिन्यांत हवेचा दाब नसताना स्प्रिंग ते मऊ बूच धारदार कडेवर सतत दाबत असते आणि बुचावर गोल चर पडते. पितळेवरचा क्रोमचा मुलामा जिथे उडाला आहे तिथे दमट हवेत हिरवा खार धरतो. आत राहिलेल्या मिठाचे खडे होतात. खिळ्याशी जिथे नळी मोडली गेली तिथे रबराला तडा जातो. ऑक्टोबरमध्ये पहिला पर्यटक आला की हाच रेग्युलेटर पुन्हा 'चालतो', पण तो मे महिन्यातला रेग्युलेटर उरलेला नसतो. घरच्या गॅसच्या नळीचं आपल्याला पटतं. ती बाहेरून ठीक दिसली तरी पाच वर्षांनी बदला, असं तेल कंपन्या सांगतात आणि आपण बदलतो. श्वासाच्या नळीला वेगळा न्याय का? बहुतेक उत्पादक वर्षा-दोन वर्षांनी किंवा ठरावीक डाइव्हनंतर सर्व्हिस करायला सांगतात. आपल्याकडे ती हंगाम संपताना नव्हे, तर हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर करावी. सर्व्हिस करून पावसाळाभर ठेवून देण्यात काही हशील नाही. हंगाम संपताना करायचं काम वेगळं: गोड्या पाण्यात भरपूर वेळ भिजवणं, पूर्ण सुकवणं आणि नळ्या मोडणार नाहीत अशा सैल वेटोळ्यात कोरड्या जागी ठेवणं.

रेग्युलेटर बिघडला तरी उघडाच राहतो, मग धोका तो काय, असाही प्रश्न येतो. हवा वाहत राहते, पण सिलिंडर काही अक्षयपात्र नव्हे. ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारला सुमारे २,२०० लिटर हवा मावते. शांत डायव्हरला २० मीटरवर ती अर्ध्या तासाहून जास्त पुरते. भसाभसा वाहू लागली तर काही मिनिटांत संपते, आणि अनुभवी माणूस त्या मिनिटांत सावकाश वर येतो, नवखा घाबरून उसळी मारतो. शिवाय काही बिघाड या नियमात बसतच नाहीत. माऊथपीसला दातांच्या जागी चीर पडली, ते घट्ट धरणारी प्लास्टिकची पट्टी तुटली किंवा बाहेर सोडणाऱ्या छत्रीसारख्या झडपेखाली वाळूचा एक कण अडकला, तर हवेबरोबर पाणी येतं. ज्याने आयुष्यात पहिल्यांदा पाण्याखाली श्वास घेतला आहे, त्याला घशात गेलेलं चमचाभर खारं पाणी पुरतं. या भागांची किंमत नगण्य आहे, बघायला एक मिनिट लागतं, आणि तरी सर्वांत जास्त दुर्लक्ष यांच्याकडेच होतं. मला हे मनापासून खटकतं.

धुण्याची एक चूक तर प्रामाणिकपणे मेहनत करणारेच करतात. डाइव्ह झाली, सिलिंडरवरून रेग्युलेटर काढला, बादलीत बुडवला आणि आतलं मीठ निघावं म्हणून दुसऱ्या टप्प्यावरचं बटण दाबून धरलं. नळीत दाब नसताना बटण दाबलं की बूच उघडतं आणि बादलीतलं पाणी नळीतून थेट पहिल्या टप्प्यापर्यंत जातं. जी जागा आयुष्यभर कोरडी राहायला हवी तिथेच आपण खारवट पाणी पोचवतो. म्हणून आधी पहिल्या टप्प्याच्या तोंडावरची धूळटोपी कोरडी पुसून घट्ट बसवावी, बटणाला हात लावू नये आणि गोड्या पाण्यात निवांत भिजू द्यावं. बटण दाबून धुवायचंच असेल तर रेग्युलेटर सिलिंडरला लावून, हवा सुरू ठेवून. नळ्यांवरची प्लास्टिकची आवरणं मागे सरकवावीत, कारण तडे त्यांच्याखालीच लपतात. सुकवायचं ते सावलीत. आणि कुठेही मशीनचं तेल किंवा खोबरेल लावू नये. ते रबराला मारक, त्याची वाफ श्वासात येते, आणि प्राणवायूचं प्रमाण वाढवलेली हवा वापरत असाल तर उच्च दाबाखाली तेल पेटण्याचा धोका असतो.

मालवणात किंवा गोव्यात सुट्टीत एकदाच पाण्यात उतरणारे म्हणतील, आमचा रेग्युलेटर भाड्याचा, आम्ही काय बघणार? बरंच काही. पहिल्या टप्प्याच्या तोंडाशी एक बारीक फिल्टर असतो, तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. राखाडी, स्वच्छ असेल तर ठीक. हिरवट असेल तर आत पाणी शिरून पितळ खातंय, तांबूस असेल तर सिलिंडरमधला गंज येतोय, काळपट असेल तर हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरबद्दल विचारायला हवं. सिलिंडर उघडल्यावर त्याचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे बघत चार खोल श्वास घ्यावेत. श्वासागणिक काटा खाली जाऊन वर येत असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह अर्धवट उघडलाय किंवा फिल्टर तुंबलाय. हे पाहिल्याबद्दल चांगला प्रशिक्षक रागावत नाही. तो स्वतःच दाखवतो. केंद्रचालकांना माझं मागणं याहून थोडं जास्त आहे. प्रत्येक रेग्युलेटरला नंबर असावा, त्याची वही असावी आणि नळीतला मधला दाब दाखवणारा छोटा गेज जवळ असावा. तो लावला की काटा नऊ-दहा बारच्या आसपास टक्कन थांबायला हवा. थांबून पुन्हा हळूहळू वर सरकू लागला, तर पहिल्या टप्प्यातलं बूच झिजलंय, आणि डायव्हरला काही कळण्याच्या कितीतरी आधी ते या गेजवर दिसतं. हा गेज एका पर्यटकाच्या डाइव्हपेक्षा फार महाग नाही. किनाऱ्यावर दर हंगामात इतकी माणसं पहिल्यांदा पाण्याखाली जातात, त्यांच्या जिवासाठी हा खर्च जास्त म्हणता येणार नाही.

ज्याच्याकडे असा गेजही नाही त्याला बादली आणि पट्टी पुरते. आधी रेग्युलेटर सिलिंडरला न जोडता, धूळटोपी लावून, दुसऱ्या टप्प्यातून श्वास ओढून पाहावा. जराही हवा येता कामा नये. आली तर पडदा किंवा बाहेरची झडप कुठे तरी गळतेय. मग सिलिंडर जोडून हवा सुरू करावी, दुसरा टप्पा माऊथपीस वर आणि बटण खाली असा धरावा, आणि पाण्याने भरलेल्या बादलीत अगदी सावकाश उतरवावा. पडदा पाण्याखाली गेल्यावर एका क्षणी बारीक फुसफुस ऐकू येते. कूस्तोला मार्न नदीत जे वीतभर पाणी छळत होतं त्याचाच हा लहानसा अवतार. आवाज येतो तेव्हा पडद्यावर किती पाणी आहे ते पट्टीने मोजावं. अडीच ते चार सेंटिमीटरच्या आत असेल तर बूच आणि स्प्रिंग जागेवर आहेत. पाणी टेकताच फुसफुसलं तर रेग्युलेटर फार हळवा झालाय, सहा-सात सेंटिमीटरपर्यंत गप्प राहिला तर जड झालाय. तो आकडा रेग्युलेटरच्या नंबरासमोर, मे महिन्यात लिहिलेल्या आकड्याच्या शेजारी मांडावा, आणि दोन्हींत फरक दिसला तर तो रेग्युलेटर ऑक्टोबरच्या पहिल्या होडीत न चढवता तंत्रज्ञाकडे पाठवावा.